दहा गायक, वेगळे माइक

2020 साली, कोरोनाच्या साथीत, नाताळच्या तोंडावर महाराष्ट्र शासनानं एक परिपत्रक काढलं. सण साधेपणानं साजरा करावा, चर्चमध्ये एका वेळी 50 पेक्षा जास्त माणसं नसावीत, साठीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावं, चर्चच्या आवारात दुकानं लावू नयेत, मिरवणुका काढू नयेत. गणपती आणि नवरात्र त्याच वर्षी अशाच सूचनांखाली पार पडले होते, त्यामुळे यातलं बरंचसं लोकांच्या सवयीचं झालं होतं. एक कलम मात्र नवं होतं. येशूच्या स्तुतिगीतांसाठी चर्चमध्ये जास्तीत जास्त 10 गायक असावेत आणि त्यांनी वेगवेगळे माइक वापरावेत, असं त्यात म्हटलं होतं.

मंडपात किती माणसं, मूर्ती किती फुटांची, हे सरकारनं ठरवून दिलं होतं. आता गळे किती हेही ठरलं. गाण्यातून साथ पसरते हा धडा जगानं त्या वर्षी फार मोठी किंमत मोजून घेतला होता. त्या धड्याचा प्रवास अमेरिकेतल्या एका छोट्या गावातून महाराष्ट्राच्या शासकीय परिपत्रकापर्यंत नऊ महिन्यांत झाला.

त्या गावाचं नाव माउंट व्हर्नन. वॉशिंग्टन राज्याच्या स्कॅगिट परगण्यातलं. तिथला 'स्कॅगिट व्हॅली कोराल' हा हौशी लोकांचा गायकवृंद दर मंगळवारी संध्याकाळी एका चर्चच्या सभागृहात तालमीला जमायचा. 10 मार्च 2020 रोजी 61 जण जमले. साथीच्या बातम्या येत होत्या, म्हणून मंडळी जपूनच होती. मिठ्या आणि हस्तांदोलनं टाळली, हात निर्जंतुक केले. अडीच तास तालीम झाली, मध्ये थोडं खाणंपिणं झालं, खुर्च्या उचलून लोक घरी गेले. आलेल्यांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत 61 पैकी 53 जण आजारी पडले. त्यातल्या 33 जणांचा आजार चाचणीतून पक्का झाला, 20 जणांच्या बाबतीत लक्षणांवरून धरला गेला. दोघांचा मृत्यू झाला.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं मे महिन्यात या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला आणि जगभरच्या गायकवृंदांना धक्का बसला. तोवर भर होता तो हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर. इथं कोणी कोणाला मुद्दाम स्पर्श केला नव्हता. बंद खोलीत, पोटातून श्वास ओढून, मोठ्यानं, अडीच तास सगळे एकत्र गायले, एवढंच घडलं होतं. हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब हा विषय प्रयोगशाळेतून बाहेर आला तो अशा घटनांमुळे. ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी गायकांवर प्रयोग करून थोडा दिलासा दिला. सारख्याच मोठ्या आवाजात बोलणं आणि गाणं यात फेकल्या जाणाऱ्या थेंबांचा फरक फार नसतो, खरा फरक आवाज किती मोठा आहे यानं पडतो, असं त्यांना आढळलं. थोडक्यात, हळू गा, थोडे जण गा, अंतर ठेवून गा, हवा खेळती ठेवा. महाराष्ट्राच्या परिपत्रकातले वेगळे माइक या दृष्टीनं पाहिले तर त्यांचा अर्थ लागतो. माइक तोंडापाशी असला की घसा ताणावा लागत नाही, आणि प्रत्येकाचा वेगळा असला की डोकी एकत्र येत नाहीत.

आपल्याकडे 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 मार्चपासून देश बंद झाला. ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा नेमका समोर होता. 10 एप्रिलचा शुभ शुक्रवार आणि 12 एप्रिलचा ईस्टर ही दोन्ही गाण्यानं भरलेली पर्वं रिकाम्या बाकांसमोर पार पडली. वेदीपाशी धर्मगुरू, समोर एक मोबाइल. पुढे 1 जुलैच्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि ज्या वाटेवर दरवर्षी टाळ-मृदंगाचा गजर असतो ती वाट सुनी राहिली. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा भरली नाही. त्या वर्षी जे जे एकत्र गातात त्या सगळ्यांवर एकच वेळ आली होती. वारकरी, मेळ्यातले झांजवाले, कव्वाल आणि चर्चमधली मुलं एकाच रांगेत उभी होती.

राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. ख्रिस्ती गायकवृंदांसाठी ही वेळ महत्त्वाची होती, कारण नाताळाआधीचा आगमनकाळ तिथून जेमतेम दोन आठवड्यांवर होता. एरवी नाताळाची गाणी नोव्हेंबरातच बसायला लागतात. डिसेंबर उजाडला की गिटार, ढोलकी, खंजिरी घेऊन कॅरल गाणाऱ्या टोळ्या रात्री वस्तीतल्या घराघरांत जातात. दारात गाणं होतं, घरातली माणसं सुरात सूर मिळवतात, चहा होतो, करंज्या होतात, वर्गणीच्या डब्यात नोटा पडतात आणि टोळी पुढच्या दाराकडे वळते. लहान मुलं गाणी शिकतात ती याच फेऱ्यांत. कोणी वही पुढे धरून शिकवत नाही. मोठ्यांच्या मागे चालता चालता ती तोंडात बसतात. 2020 साली हे सगळं थांबलं. माझ्या मते परिपत्रकातल्या पन्नासाच्या आकड्यापेक्षा हे नुकसान मोठं होतं.

तरीही त्या नाताळात गाणं झालं. ते कसं झालं हे समजून घ्यायचं तर मराठी ख्रिस्ती गाण्याची जडणघडण थोडी पाहावी लागते, कारण त्या गाण्याच्या घडणीतच त्याचं टिकणं होतं.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि मराठीच्या प्रेमात पडला. 1616 साली त्याचं ख्रिस्तपुराण राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्यात येशूच्या जन्माची कथा. छापाई रोमन लिपीत, छंद मात्र ज्ञानेश्वरीचा. ही ओवी चर्चमध्ये म्हटली जायची. पुढे पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषांवर बंधनं आणली, तरी ख्रिस्तपुराण हस्तलिखितांतून जगलं. छापील पोथी हाताशी नसतानाही ओवी तोंडी चालते, हा तिचा गुण.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशननं मुंबईनंतर अहमदनगरला ठाण मांडलं. मिशनऱ्यांनी आपल्याकडच्या चाली आणल्या, त्यांवर मराठी शब्द बसवले, आणि पियानो-ऑर्गनवर चार आवाजांत गाण्याची रीतही आणली. पण नगर भागातल्या नवख्रिस्ती माणसांच्या कानात अभंग, पद आणि कीर्तन होतं. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. मग 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले आणि त्यांनी अभंग, ओवी, भजन या सगळ्या घड्या ख्रिस्ती भक्तीसाठी मोकळ्या केल्या. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात एकट्या टिळकांची अडीचशेच्या आसपास पदं आहेत. रविवारी सकाळी नगरच्या वा सोलापूरच्या एखाद्या मंडळीत बसलं तर पाश्चात्य चालीचं स्तुतिगीत आणि पेटी-तबल्यावरचं भजन एकाच उपासनेत, एकाच पुस्तकातून ऐकायला मिळतं. कॅथलिक मंडळींकडे हे वळण नंतर आलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेची दारं लोकभाषांना उघडली आणि वसईसारख्या भागात लॅटिनऐवजी मराठी मिस्सा, मराठी गीतं रूढ झाली. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. देश बंद झाला तो त्यानंतर अडीच महिन्यांनी.

आता या दोन प्रकारच्या गाण्यांवर साथीचा परिणाम सारखा होणार नव्हता. चार आवाजांच्या गाण्यात प्रत्येकजण दुसऱ्याला ऐकत असतो. वरचा आवाज खालच्यावर टेकलेला असतो, एक सरकला की चौघं सरकतात. त्यासाठी एका खोलीत, कानाजवळ उभं राहावंच लागतं. इंटरनेटवरून हे जमत नाही. आवाज इकडून तिकडे पोहोचायला सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांशांचा उशीर झाला तरी लय फाटते, आणि घरगुती जोडणीवर उशीर त्याहून कितीतरी जास्त असतो. झूमवर सगळ्यांनी एकदम गायचा प्रयत्न ज्यांनी ज्यांनी केला त्यांना पहिल्या ओळीतच हे कळलं.

भजनाचं तसं नाही. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. पडद्यावर पेटी घेऊन बसलेल्या माणसानं ओळ टाकली आणि घरी आई, बाप, दोन मुलं यांनी ती उचलली तर त्यांचा आवाज गायकापर्यंत पोहोचला नाही म्हणून काही बिघडत नाही. घर हीच एक छोटी मंडळी होते. म्हणून माझं मत असं झालं आहे की 2020 मध्ये गाणं तगलं त्याचं बरंचसं श्रेय नव्या यंत्रांपेक्षा या जुन्या घडणीला द्यायला हवं. मोबाइलनं ओळ घरात पोहोचवली, पण ती उचलायची सवय ओवी-अभंगांनी चारशे वर्षं लावून ठेवली होती.

चार आवाजांत गाणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. ती 2010 पासून मळलेली होती. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर यानं त्या वर्षी 12 देशांतल्या 185 जणांचे घरी केलेले व्हिडिओ जोडून एक आभासी गायकवृंद उभा केला होता. जुलै 2020 मध्ये त्याच्याच सहाव्या प्रयोगात 129 देशांतले 17,572 गायक होते. ही कल्पना डिसेंबरपर्यंत जगभरच्या लहानसहान चर्चमध्ये उतरली. कृती सगळीकडे तीच. कोणीतरी पियानोवर पायाभूत ट्रॅक वाजवतो. तो व्हॉट्सअॅपवरून सगळ्यांना जातो. प्रत्येकजण एका फोनवर तो इयरफोननं ऐकतो आणि दुसऱ्या फोनवर स्वतःला गाताना टिपतो. खिडक्या बंद, पंखा बंद, कुकरची शिट्टी झालेली असावी, शेजारच्या बाळानं रडू नये. मग हे सगळे तुकडे एका उत्साही तरुणाकडे जमतात आणि तो रात्र-रात्र बसून ते जुळवतो. यात गाणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ती आपला आवाज एकटा ऐकण्याची गोष्ट. वृंदात उभं राहून वर्षानुवर्षं गाणाऱ्या कित्येकांनी स्वतःला असं उघडं कधी ऐकलेलंच नसतं. तरी लोकांनी ते केलं, आणि चौकोनी खिडक्यांतले ते चेहरे एकत्र गाताना पाहून घरोघरी लोकांचे डोळे भरले.

डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात आणखी एक वळण आलं. इंग्लंडमध्ये विषाणूचं नवं रूप पसरल्याची बातमी आली, तिथून येणारी विमानं थांबली आणि महाराष्ट्रात 22 डिसेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत महापालिका क्षेत्रांत रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी लागली. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा त्या वेळेत बसेना. उपासना संध्याकाळी सरकल्या, पन्नास-पन्नास माणसांच्या तुकड्यांत विभागल्या गेल्या. 31 डिसेंबरची उपकार मानण्याची प्रार्थनाही मध्यरात्रीऐवजी सात वाजता वा त्याआधी घ्यावी असं शासनानं सांगितलं होतं.

दूरदेशीही हेच चाललं होतं. इटलीत रात्री दहानंतर बाहेर पडायला बंदी होती, म्हणून पोप फ्रान्सिस यांनी नाताळसंध्येची मिस्सा साडेसातला सुरू केली. जर्मनीत 16 डिसेंबरपासून प्रार्थनेला आलेल्यांच्या गाण्यावरच बंदी आली. शेजारच्या ऑस्ट्रियात ओबेर्नडॉर्फ गावात 24 डिसेंबर 1818 रोजी 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा गाणारे मुख्य आवाज दोन होते, धर्मगुरू योझेफ मोर आणि शिक्षक फ्रान्झ ग्रुबर, आणि साथीला एक गिटार. आज मराठीसकट कितीतरी भाषांत गायलं जाणारं हे गीत जन्मलं तेव्हा त्याला दहा गळ्यांचीही गरज लागली नव्हती.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची गोष्ट तर या विषयात सांगायलाच हवी. तिथली नऊ वाचनं आणि कॅरल यांची नाताळसंध्येची उपासना जगभर रेडिओवर ऐकली जाते. ती तिथं पहिल्यांदा झाली 24 डिसेंबर 1918 रोजी. महायुद्ध संपून सहा आठवडे झाले होते आणि इन्फ्लुएन्झाची साथ अजून माणसं नेत होती. एरिक मिलनर-व्हाइट हे युद्धात लष्करी चॅप्लन म्हणून राहिलेले, नुकतेच कॉलेजचे डीन झालेले तरुण धर्मगुरू होते. नेहमीच्या प्रार्थनेपेक्षा काही वेगळं, थकलेल्या माणसांना धरून ठेवणारं हवं, असं त्यांना वाटलं. त्यांनी 1880 साली ट्रूरोच्या बिशपांनी बांधलेला जुना आराखडा घेतला आणि त्यातून ही उपासना घडवली. म्हणजे ज्या परंपरेला आपण अखंड, शांत, जुनी समजतो तिचा जन्मच साथीच्या दिवसांतला आहे. 102 वर्षांनी, 2020 मध्ये, ती श्रोत्यांविना, आधी ध्वनिमुद्रित करून प्रसारित झाली. साथीमुळे कॉलेजच्या तरुण गायकांना बाजूला राहावं लागलं, तेव्हा त्यांच्या जागी 'द किंग्ज सिंगर्स' उभे राहिले. हा संघ 1968 साली याच कॉलेजच्या जुन्या गायकांनी काढलेला.

1918 चं तेच वर्ष इकडे फार भयंकर होतं. जूनमध्ये मुंबई बंदरातून ताप शिरला, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यानं कहर केला. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. देशभरात सव्वा कोटींहून अधिक माणसं गेली असावीत, असे अंदाज आहेत. त्या काळात टिळक मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' चालवत होते, 'ख्रिस्तायन' या काव्याच्या ओव्या लिहीत होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. अपुरं ख्रिस्तायन त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाईंनी तारुण्यात प्लेगचे दिवस पाहिले त्यांनीच हे केलं, याचं मला विशेष वाटतं.

परत 2020 कडे येऊ. माळव्यात, उज्जैनला, गाणं थांबण्याची हीच कहाणी थोड्या निराळ्या क्रमानं घडली. मध्य प्रदेशातला कोरोनाचा पहिला मृत्यू 25 मार्च 2020 रोजी इंदूरच्या रुग्णालयात नोंदला गेला, तो उज्जैनच्या एका वृद्ध बाईंचा. पुढचे दोन महिने उज्जैनचं नाव मृत्यूंच्या प्रमाणासाठी देशभर घेतलं जात होतं. 8 जूनला महाकाळेश्वराचं मंदिर उघडलं. पण शिंदेशाहीच्या काळापासून मराठी माणसाशी जोडलेल्या श्रावणातल्या सवारीला त्या वर्षी गर्दी नव्हती, मार्ग आखूड केला होता, रस्त्यांच्या दुतर्फा झांज-डमरू घेऊन नाचणारी भजनमंडळं नव्हती. त्याच शहरात 1968 पासून सिरो-मलबार कॅथलिकांची स्वतंत्र धर्मव्यवस्था आहे. केरळातून आलेल्या धर्मगुरूंनी ती उभारली, 1977 साली तिला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यांच्या नाताळरात्रीच्या उपासनेत अग्नी पेटवून त्याभोवती जन्माचं गीत गाण्याची रीत आहे. उघड्यावर, आगीभोवती गाणं, ही पद्धत साथीच्या दृष्टीनंही बंद सभागृहापेक्षा बरी. पण 23 डिसेंबर 2021 रोजी मध्य प्रदेशानं राज्यभर रात्री 11 ते पहाटे 5 संचारबंदी लावली आणि तिथल्याही मध्यरात्रीवर बंधन आलं.

मध्ये दुसरी लाट येऊन गेली होती. एप्रिल-मे 2021 बद्दल इथं फार लिहिण्याची गरज नाही, प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. गायकवृंदांनी त्या दोन महिन्यांत गाणी गायली ती मुख्यतः दफनाची, आणि तीही बहुधा फोनवर. त्यामुळे 2021 चा नाताळ आला तेव्हा लस आली होती, चर्चमध्ये क्षमतेच्या निम्म्या माणसांना मुभा होती, तरी उभं राहून गाताना शेजारची रिकामी जागा दिसत होती. ओमिक्रॉनच्या भीतीनं 24 डिसेंबरला महाराष्ट्रात पुन्हा रात्रीची जमावबंदी लागली. लागोपाठ दुसऱ्या वर्षी कॅरलच्या फेऱ्या मंदावल्या.

दोन वर्षं म्हणजे मोठ्या माणसाला थोडी, पण गायकवृंदाला पुष्कळ. 2019 मध्ये वरच्या पट्टीत गाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचा आवाज 2021 पर्यंत फुटलेला असतो, त्याची जागा घ्यायला आठ-नऊ वर्षांचं जे पोर मागून यायचं ते मधली दोन वर्षं घरात बसलेलं असतं. वयस्कर गायकांचं उलट होतं. साठीच्या पुढच्यांनी घरी थांबावं या सूचनेनं नेमकी तीच माणसं बाजूला गेली ज्यांना जुन्या चाली पुस्तकाशिवाय येत होत्या. काही कायमची गेली. दुसरीकडे काही गोष्टी नव्यानं राहिल्या. उपासनेचं थेट प्रसारण चालू राहिलं आणि अंथरुणाला खिळलेल्या, परदेशात असलेल्या माणसांना आपल्या मंडळीचं गाणं ऐकता येऊ लागलं. साथीत घरी केलेली ध्वनिमुद्रणं हाही एक ठेवा आहे, आणि मला त्याची काळजी वाटते. ती बहुतेक कोणाच्या तरी फोनमध्ये, व्हॉट्सअॅपच्या गटांत पडून आहेत. फोन बदलले की जातील. मंडळ्यांनी आणि धर्मग्रामांनी ती आत्ताच एका जागी आणून, गाणाऱ्यांची नावं आणि तारखा लिहून ठेवायला हवीत.

महाराष्ट्रातले उरलेसुरले निर्बंध 2022 च्या गुढीपाडव्याला, एप्रिलच्या पहिल्या दोन दिवसांत उठले. पंधरा दिवसांनी, 17 एप्रिलला, ईस्टर आला. त्या वर्षीचा नाताळ रविवारी होता. चीनमधून पुन्हा साथीच्या बातम्या येत होत्या, मास्क वापरण्याचे सल्ले दिले जात होते. गायकांच्या संख्येवर मात्र आता कसलंही कलम नव्हतं, आणि वस्त्या-वस्त्यांत कॅरलच्या टोळ्या परत फिरू लागल्या, त्यांच्या मागे या फेरीत पहिल्यांदाच निघालेली लहान मुलं घेऊन.